चालू असणं वेगळं, चालू होणं वेगळं

संगणक अडला की आपल्याकडे दोनच औषधं चालतात. बंद करून परत चालू करणं, आणि ते लागू पडलं नाही तर फॉरमॅट मारणं. तिसऱ्या वर्षापर्यंत मीही याच पंथातला होतो. लिनक्सवर एखादी सेवा, म्हणजे सर्व्हिस, सुरू का होत नाही हे वाचून शोधता येतं, हे मला लॅबमध्ये नाही तर तात्यांच्या माग-शेडमध्ये एका शनिवारी कळलं. त्या दिवशी अठरा माणसांचा आठवड्याचा पगार अडला होता आणि चूक सगळी माझी होती.

तात्या म्हणजे माझे चुलते. विट्यात त्यांचे चोवीस यंत्रमाग आहेत. कुणी किती मीटर कापड काढलं, कुणी किती उचल घेतली, हे दिवाणजी वहीत लिहायचे आणि शनिवारी दुपारी बेरजा मारत बसायचे. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत मी जाहीर केलं की हे सगळं संगणकावर आणतो. संगणक घरातच होता. थोरला दादा गलाईच्या धंद्यात तमिळनाडूत असतो (विट्याकडची माणसं सोनं-चांदी गाळायला देशभर कुठे कुठे गेलीत ते इथल्या वाचकाला सांगायला नको). त्याने दुकानातला जुना संगणक गावी आणून ठेवला होता. चार जीबी मेमरी आणि जुनी फिरती हार्ड डिस्क. त्यावर मी डेबियन लिनक्स टाकलं, मारियाडीबी हा डेटाबेस टाकला, पायथॉनमध्ये एक छोटा प्रोग्रॅम लिहिला, बॅकअपसाठी बाहेरची एक डिस्क जोडली. चालू केलं, चाललं. सहा आठवडे चाललं. दिवाणजी संध्याकाळी फक्त मॉनिटर बंद करायचे आणि इन्व्हर्टर असल्यामुळे संगणक कधी बंद पडलाच नाही. मी वर्गात सांगत फिरत होतो, लिनक्स आहे, बंद पडत नाही! वहीसुद्धा मीच बंद करायला लावली होती.

मग एका शुक्रवारी रात्री लाईट गेली ती पहाटेपर्यंत आली नाही. इन्व्हर्टरची बॅटरी संपली. सकाळी दहाला तात्यांचा फोन.

"आरं, तुजं कॉम्प्युटर उठंना. काळ्या पडद्यावर इंग्रजीत कायतरी लिवलंय. तीनला पगार वाटायचाय, ध्यानात हाय न्हवं?"

मी शेडवर पोचेपर्यंत एका ओळखीच्या दुरुस्तीवाल्याला बोलावून झालं होतं. त्याने पडदा बघितला आणि निदान केलं, "विंडोज उडालंय, फॉरमॅट मारावं लागेल." विंडोज त्यात कधीच नव्हतं. पण मी अर्धा तास उशिरा आलो असतो तर सहा आठवड्यांचे मीटर आणि उचलीचे आकडे गेले असते.

आता थोडा अभ्यास. बटण दाबल्यापासून लॉगिन येईपर्यंत चार टप्पे असतात. आधी बायोस किंवा यूईएफआय हार्डवेअर तपासतं. मग ग्रब नावाचा छोटा प्रोग्रॅम कर्नल उचलून मेमरीत ठेवतो. कर्नल डिस्क वगैरे ओळखतो. आणि शेवटी कर्नल पहिला प्रोग्रॅम सुरू करतो, ज्याचा प्रोसेस क्रमांक १ असतो. पुढचं सगळं हा एक नंबरवाला सांभाळतो. पडदा पूर्ण काळा असेल तर पहिल्या टप्प्यात बघा, नुसतं ग्रब लिहून थांबला असेल तर दुसऱ्यात, कर्नल पॅनिक असेल तर तिसऱ्यात. आमच्या पडद्यावर इंग्रजी वाक्यं येत होती, म्हणजे गाडी चौथ्या टप्प्यापर्यंत आली होती. निम्मी काळजी इथेच मिटते. हार्ड डिस्क जिवंत आहे, कर्नल जिवंत आहे, अडलंय ते सेवांमध्ये.

हा एक नंबरवाला कोण, यावर लिनक्सवाल्यांची बरीच भांडणं झाली आहेत. आमचे एक सर रेड हॅट ९ च्या, म्हणजे २००३ च्या आठवणी सांगतात. तेव्हा इनिट नावाची जुनी पद्धत होती. प्रत्येक सेवेची एक स्क्रिप्ट, तिच्या नावाला एस आणि एक क्रमांक, आणि त्या क्रमाने एकामागून एक सगळ्या चालायच्या. पडद्यावर प्रत्येकीपुढे हिरव्या अक्षरात ओके यायचं. संगणकाला स्वतःच्या नावाचा पत्ता लागला नाही तर 'स्टार्टिंग सेंडमेल' या ओळीवर गाडी मिनिटं मिनिटं थांबायची, आणि मागची सगळी रांग तिच्यामुळे ताटकळायची. सुरुवातीला आय अक्षर दाबलं तर प्रत्येक सेवा चालू करू का असं विचारत विचारत पुढे जायची सोय होती. सरांच्या पिढीने सेवा-दुरुस्ती त्या आय वर शिकली.

२०१० मध्ये लेनार्ट पोटरिंग आणि के सिव्हर्स यांनी सिस्टिमडी आणलं. फेडोराने २०११ मध्ये ते स्वीकारलं. डेबियनच्या तांत्रिक समितीत फेब्रुवारी २०१४ मध्ये मतं इतकी सारखी पडली की अध्यक्षांच्या निर्णायक मतावर निकाल लागला, आणि रुसलेल्या मंडळींनी देवुआन नावाची वेगळी चूल मांडली. भांडण बाजूला ठेवू. डेबियनमध्ये २०१५ च्या आठव्या आवृत्तीपासून हेच आहे, उबुंटूतही त्याच वर्षापासून, त्यामुळे शिकायचं ते हेच.

फरक एवढा की सिस्टिमडी रांग लावत नाही. ज्यांचं एकमेकांवाचून अडत नाही त्या सगळ्या सेवा ते एकदम सोडतं. आपल्याकडे दसऱ्याला पालख्यांच्या शर्यतीत दोन्ही पालख्या एकदम निघतात तसं समजा. वेळ वाचतो. पण कुणी कुणाच्या मागे यायचं असेल तर ते तुम्ही लिहून द्यावं लागतं. मी ते दिलं नव्हतं, त्याची फळं पुढे येतीलच.

(खाली आज्ञा उच्चाराप्रमाणे लिहिल्या आहेत.)

पडद्यावर लिहिलं होतं, तुम्ही इमर्जन्सी मोडमध्ये आहात, दुरुस्तीसाठी रूटचा पासवर्ड द्या किंवा कंट्रोल-डी दाबून पुढे जा. चुलतभावाने सकाळपासून दहा वेळा कंट्रोल-डी दाबलं होतं. प्रत्येक वेळी दीड मिनिट थांबून गाडी परत तिथेच. हे दीड मिनिट लक्षात ठेवा. सिस्टिमडी कुठल्याही गोष्टीची वाट बघायचा नेहमीचा वेळ नव्वद सेकंद असतो. दीड मिनिटाने काही फिसकटलं तर बहुतेक वेळा कुणीतरी न येणाऱ्या पाहुण्याची वाट बघत होतं.

मी पासवर्ड दिला आणि माझा हात सवयीने रीबूटकडे गेला. तेवढ्यात तात्या मागून म्हणाले, "आदी बग तरी काय म्हंतंय ते. माग बंद पडला की आमी आदी तुटल्याला धागा हुडकतो. लगीच मोटार न्हाय सोडत."

तर धागा हुडकायची आज्ञा अशी: 'जर्नलसीटीएल', पुढे डॅश बी, म्हणजे फक्त या वेळच्या सुरुवातीच्या नोंदी, आणि डॅश पी ईआरआर, म्हणजे त्यातल्या फक्त चुका. सोबत 'सिस्टिमसीटीएल डॅश-डॅश-फेल्ड', जे पडलेल्या सेवांची यादी देतं. यादीत पाच-सहा नावं असली तरी घाबरू नका, त्यातली बरीच पहिल्या पडलेल्याच्या मागे पडलेली असतात. म्हणून शेवटची ओळ वाचायची नाही, सगळ्यात जुनी वाचायची. आमच्याकडे जुन्यात जुनी ओळ म्हणत होती: अमुक डिस्कची वाट बघून वेळ संपला. तिच्याखाली: बॅकअप फोल्डरसाठी लागणारी गोष्ट मिळाली नाही. तिच्याखाली: लोकल फाइल सिस्टिमसाठी लागणारी गोष्ट मिळाली नाही. तीन ओळींत सगळी कहाणी.

मी टेबलाखाली वाकून बघितलं. बाहेरची डिस्क केबलसकट गुंडाळून ड्रॉवरमध्ये होती आणि तिच्या जागी दिवाणजींचा मोबाईल चार्ज होत होता.

"दहा दिस झालं की," दिवाणजी म्हणाले. "काय बोललं न्हाय ते तवा."

खरंच, बोलायला कुणी विचारलंच नव्हतं. ईटीसी फोल्डरमध्ये एफएसटॅब नावाची फाइल असते. कुठली डिस्क कुठल्या फोल्डरला जोडायची ते तिच्यात लिहितात. सिस्टिमडी ही फाइल सुरू होतानाच वाचतं आणि तिच्या प्रत्येक ओळीचं एक माउंट युनिट बनवतं. ओळ साधी असेल तर ती डिस्क अत्यावश्यक धरली जाते आणि ती मिळाली नाही तर सगळं थांबवून इमर्जन्सी मोड. मला आधी हा आडमुठेपणा वाटला. पण विचार करा, न मिळालेल्या डिस्कवर डेटाबेस असता आणि संगणक तसाच पुढे गेला असता तर? रिकाम्या फोल्डरमध्ये नवा डेटाबेस उघडून बसला असता. थांबतं ते बरोबर आहे. बॅकअपची डिस्क अत्यावश्यक नाही हे त्याला सांगणं माझं काम होतं.

ते दोन शब्दांत सांगता येतं. त्या ओळीच्या पर्यायांत 'नोफेल' लिहायचं, आणि नव्वद सेकंद वाट नको असेल तर 'एक्स डॅश सिस्टिमडी डॉट डिव्हाइस डॅश टाइमआउट बरोबर दहा एस'. फाइल सेव्ह होत नसेल, रीड-ओन्ली म्हणत असेल, तर आधी 'माउंट डॅश ओ रीमाउंट, आरडब्ल्यू' आणि पुढे मूळ फोल्डरची तिरकी रेघ. एक इशारा मात्र देतो. नोफेल लावलं की डिस्क नसतानाही संगणक सुखाने सुरू होतो आणि बॅकअपची स्क्रिप्ट त्याच नावाच्या रिकाम्या फोल्डरमध्ये, म्हणजे त्याच जुन्या डिस्कवर, बॅकअप घेत राहते. आपण निवांत! म्हणून स्क्रिप्टच्या सुरुवातीला 'माउंटपॉइंट' या आज्ञेने डिस्क खरोखर जोडलेली आहे का ते तपासून घ्या.

रीबूट केलं, लॉगिन आलं. साडेअकरा वाजले होते. मी कॉलर ताठ केली, ब्राउझर उघडला, पगाराचं पान उघडेना.

'सिस्टिमसीटीएल स्टेटस' आणि पुढे सेवेचं नाव. लाल अक्षरात फेल्ड, शेवटच्या ओळीत: सुरू करण्याची विनंती फार भराभर परत आली. इथे बरेच जण फसतात. ही चूक नव्हे, चुकीचा परिणाम आहे. सेवा पडली की परत उचल असं मी लिहिलं होतं. सिस्टिमडी दहा सेकंदांत पाच वेळा उचलून बघतं आणि मग हात टेकतं. खरी चूक वर, पहिल्या प्रयत्नात. तिथे होतं: स्टेटस २०३, एक्झेक. फाइल किंवा फोल्डर सापडत नाही.

हे तीन आकडे पाठ करून ठेवा, व्हायव्हाला नाही तरी आयुष्यात उपयोगी पडतात. २०० म्हणजे दिलेल्या फोल्डरमध्ये जाता आलं नाही. २१७ म्हणजे ज्या युजरच्या नावाने चालवायचं तो नाहीच. २०३ म्हणजे फाइल चालवताच आली नाही: एकतर रस्ता चुकला, नाहीतर चालवायची परवानगी नाही, नाहीतर पहिल्या ओळीत लिहिलेला इंटरप्रिटर सापडला नाही.

रस्ता बरोबर होता. परवानगी होती. फाइल डोळ्यांसमोर दिसत होती आणि संगणक म्हणत होता नाही. पाऊण तास मी या एका वाक्याशी भांडलो. कामगार एकेक करून दाराशी येऊन बघून जात होते, कुणी काही बोलत नव्हतं, आणि त्याने जास्त घाम फुटत होता. शेवटी 'फाइल' ही साधी आज्ञा दिली आणि उत्तरात 'सीआरएलएफ' ही चार अक्षरं दिसली.

झालं होतं असं. दोन आठवड्यांपूर्वी मी होस्टेलवर मित्राच्या विंडोज लॅपटॉपवर ती स्क्रिप्ट सुधारली होती आणि पेनड्राइव्हने आणून टाकली होती. विंडोज ओळीच्या शेवटी दोन खुणा ठेवतं: कॅरेज रिटर्न आणि लाइन फीड. जुन्या टेलिटाइप यंत्रात छापणारा भाग डावीकडे परत आणायचा आणि मग कागद एक ओळ वर सरकवायचा, त्या दोन क्रियांची ही आठवण. लिनक्स फक्त दुसरी खूण वापरतं. त्यामुळे पहिल्या ओळीतल्या बॅशच्या नावाला ती अदृश्य पहिली खूण चिकटली, आणि संगणक 'बॅश' नव्हे तर 'बॅश-आणि-एक-अदृश्य-शेपूट' नावाचा प्रोग्रॅम शोधत होता. तसा नाही, हे तो प्रामाणिकपणे सांगत होता. 'डॉस-टू-युनिक्स' नावाच्या छोट्या साधनाने शेपटं उडाली. विममध्ये उघडून 'सेट फाइलफॉरमॅट बरोबर युनिक्स' केलं तरी चालतं.

मग दोन आठवडे हे चाललं कसं? कारण मेमरीत जुना प्रोग्रॅम चालू होता. मी डिस्कवरची फाइल बदलली, पण सेवा परत सुरू करून बघितलीच नाही. दिवाणजी आकडे भरत होते, पगार निघत होते, आणि डिस्कवर एक कधीच न सुरू होणारी फाइल झोपली होती. डिस्कच्या ओळीचंही तेच. मी ती हाताने जोडली, जोडली गेली, विषय संपला. चालू असणं म्हणजे चालू होता येणं, असं मी धरून बसलो होतो.

'सिस्टिमसीटीएल रीसेट-फेल्ड', मग 'स्टार्ट'. पान उघडलं. आकडे सगळे जागेवर. एक वाजला होता. मी चहा मागवला आणि प्रिंटरला कागद लावायला लागलो.

"आता बंद करून परत चालू करून दाव," तात्या म्हणाले.

"कशाला तात्या, चाललंय की!"

"सा आठवडं बी चालतच हुतं."

यावर उत्तर नव्हतं. रीबूट केलं. पान उघडलं नाही!

आता मात्र मी सरळ पहिल्या प्रयत्नाच्या नोंदीवर गेलो. डेटाबेसशी जोडणी नाकारली. मिनिटभराने बघावं तर डेटाबेस ठणठणीत चालू. हा पालख्यांचा घोटाळा होता. माझा प्रोग्रॅम आणि मारियाडीबी एकदम निघाले. जुन्या डिस्कवर मारियाडीबीला उठायला वेळ लागला, तोवर माझा प्रोग्रॅम पाच वेळा दार वाजवून, पडून, मोकळा झाला होता. मघाशी हाताने सुरू केला तेव्हा डेटाबेस आधीच जागा होता, म्हणून चालला.

उपाय सेवेच्या युनिट फाइलमध्ये. आपण लिहिलेल्या युनिट फाइली ईटीसीमधल्या सिस्टिमडीच्या सिस्टिम फोल्डरमध्ये असतात. पॅकेजबरोबर आलेल्या दुसरीकडे असतात आणि त्यांना हात लावायचा नाही, बदलायच्या असतील तर 'सिस्टिमसीटीएल एडिट' वापरायचं. माझ्या फाइलमध्ये दोन ओळी घातल्या: 'वॉन्ट्स' मारियाडीबी आणि 'आफ्टर' मारियाडीबी. दोन्ही का? पुस्तकांत हे एका ओळीत उरकतात, म्हणून इथे थांबून सांगतो. वॉन्ट्स म्हणजे मला तो सोबत हवा, त्यालाही उठव. कधी, ते नाही. नुसतं वॉन्ट्स लिहिलं तर दोघे एकदमच निघतात. आफ्टर म्हणजे तो उठत असेल तर मी त्याच्या मागे. पण नुसतं आफ्टर लिहिलं आणि त्याला कुणी उठवलंच नाही तर वाट न बघता आपण पुढे. निमंत्रण आणि क्रम या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. 'रिक्वायर्स' म्हणजे कडक निमंत्रण. सोबत आफ्टर असेल आणि तो उठताना पडला, तर आपणही उठायचं नाही. नेटवर्कवर अवलंबून असलेल्यांना असाच चकवा बसतो: 'नेटवर्क टार्गेट' झालं म्हणजे पत्ता मिळाला असं नाही. पत्ता खरोखर हवा असेल तर 'नेटवर्क-ऑनलाइन टार्गेट' मागावं लागतं, तेही वॉन्ट्स आणि आफ्टर दोन्ही लावून.

शिवाय 'रीस्टार्टसेक' पाच सेकंद केलं, म्हणजे पाच वेळा दार वाजवून लगेच हात टेकायला नकोत. युनिट फाइल बदलल्यावर 'सिस्टिमसीटीएल डेमन-रीलोड' विसरू नका, नाहीतर सिस्टिमडी जुनाच मजकूर डोक्यात धरून बसतं. आणि 'स्टार्ट' म्हणजे आत्ता सुरू कर, 'एनेबल' म्हणजे पुढच्या वेळी आपोआप सुरू हो. एक केलं की दुसरं होत नाही. 'सिस्टिमसीटीएल इज-एनेबल्ड' विचारून खात्री करा. देवाच्या कृपेने एवढं एक मी दिवाळीत बरोबर केलं होतं.

या वेळी न सांगता रीबूट केलं. पान उघडलं. परत एकदा केलं. उघडलं. तीनला पाच मिनिटं कमी असताना पहिली पावती प्रिंटरमधून आली. रांगेत पहिल्या असलेल्या कांडीवाल्या मावशींनी ती हातात घेऊन आकडा दोनदा वाचला, दिवाणजींकडे बघितलं आणि मगच अंगठा दिला.

ज्यांना हे शिकायचंय त्यांनी स्वतःच्या चालू संगणकावर प्रयोग करू नका, व्हर्च्युअल मशीन घ्या. एफएसटॅबमध्ये नसलेल्या डिस्कची ओळ घाला, स्क्रिप्टला सीआरएलएफ लावा, आफ्टर काढून टाका आणि रीबूट करा. संध्याकाळभरात जेवढं कळेल तेवढं मला सहा आठवड्यांत कळलं नाही. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात लिनक्सचे प्राथमिक पाठ मराठीतही आहेत, टर्मिनलची भीती असेल त्यांनी तिथून सुरुवात करावी. सुरू व्हायला वेळ लागतोय अशी तक्रार असेल तर 'सिस्टिमडी-अॅनलाइझ ब्लेम' न चालवता 'क्रिटिकल-चेन' चालवा. ब्लेम कुणी किती वेळ घेतला ते सांगतं, पण सगळे एकदम धावत असताना जास्त वेळ घेणाऱ्याने इतरांना अडवलंच असं नाही. मागच्या वेळच्या सुरुवातीच्या नोंदी बघायला जर्नलसीटीएलला डॅश बी पुढे वजा एक द्या. डेबियन ११ पासून त्या आपोआप डिस्कवर राहतात, जुन्या आवृत्तीत व्हार-लॉगमध्ये जर्नल नावाचा फोल्डर बनवावा लागतो.

दुसऱ्या दिवशी रविवारी मी शेडवर जाऊन संगणक तीनदा बंद-चालू केला. एकदा डिस्क लावून, एकदा काढून, एकदा इन्व्हर्टरचाच स्विच पाडून. तीनही वेळा पान आपोआप उघडलं. दिवाणजींनी वही परत सुरू केली आहे, आणि मी आता त्यांना नको म्हणत नाही. डिस्कसाठी वेगळं पोर्ट नेमून त्यावर चिकटपट्टी लावली आहे. मोबाईलचा चार्जर मात्र अजून संगणकालाच आहे, शेजारच्या पोर्टला.